जिल्हा कमिटीचा ताळेबंद कुठे बघायला मिळतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केरळातल्या करुवन्नूर बँक घोटाळ्यात ईडीने खुद्द मार्क्सवादी पक्षालाच आरोपी केलं, तेव्हापासून मराठीत त्यावर जे काय छापून येतंय ते मी इथे त्रिशूरला बसून मोबाईलवर वाचतोय. सगळं दोनच सुरांत चाललंय. एक म्हणजे 'बघा, गरिबांचे कैवारी पण शेवटी चोरच निघाले' आणि दुसरा म्हणजे 'ईडीने आणखी एका विरोधी पक्षाला अडकवलं, यात नवीन काय'. मला दोन्ही पटत नाहीत म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावायची तर लावा, पण आकडे तेवढे काढू नका.

आधी मी कोण ते सांगतो. मी मूळचा खानापूर तालुक्यातला, विट्याच्या बाजूचा, गलाई धंद्यातला. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलीत हे तुमच्या सांगली-साताऱ्याच्या वाचकांना सांगायला नको, आणि त्रिशूर म्हणजे दागिने घडवणाऱ्यांचं शहर, त्यामुळे आमच्या लोकांचं इथलं बस्तान जुनं आहे. माझं मत गावाकडेच आहे, इथल्या कुठल्या पक्षाशी माझं काही घेणंदेणं नाही. मल्याळम बोलता येतं, वाचता अडखळत येतं. एवढ्यावर जे दिसलं आणि पेपरात आलं तेवढंच लिहितोय.

आता मूळ प्रकरण. करुवन्नूर सर्व्हिस सहकारी बँक ही इरिंजालकुडाजवळची, त्रिशूर जिल्ह्यातली. संचालक मंडळ वर्षानुवर्षं पक्षाच्या लोकांचं. जुलै २०२१ मध्ये घोटाळा बाहेर आला. एकाच जमिनीच्या कागदावर पुन्हा पुन्हा कर्ज, बँकेच्या हद्दीबाहेरच्या लोकांना कर्ज, ज्याच्या नावावर कर्ज त्याला पत्ताच नाही, असा सगळा मामला, आणि रक्कम बोलली जाते ती ३०० कोटींच्या आसपास. जुलै २०२२ मध्ये एक ठेवीदार बाई वारली, तिच्या उपचाराला तिचेच पैसे बँकेने वेळेवर दिले नाहीत म्हणून घरच्यांनी तिचा मृतदेह बँकेसमोर आणून ठेवला होता. ते फोटो इथल्या प्रत्येक घरात पोचले. पुढे ईडी आली, जून २०२४ मध्ये पक्षाची साधारण ७३ लाखांची मालमत्ता जप्त झाली, त्यात पोरत्तिश्शेरीच्या पार्टी ऑफिसची जागा होती आणि बँक खाती होती. मे २०२५ मध्ये अंतिम आरोपपत्र आलं आणि त्यात पक्ष आरोपी, शिवाय जिल्हा सेक्रेटरी राहिलेले तीन नेते, ए. सी. मोइदीन, एम. एम. वर्गीस आणि आता खासदार असलेले के. राधाकृष्णन. ईडीचं म्हणणं असं की बँकेत पक्षाची न दाखवलेली खाती होती आणि नियमबाह्य कर्जाच्या पैशातला काही भाग पक्षाकडे वळला. पक्ष म्हणतो सगळं राजकीय आहे. कोर्टात यातलं अजून काहीच सिद्ध झालेलं नाही हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

पण मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते दुसरं प्रकरण, ज्याबद्दल मराठीत कोणी फार लिहिलं नाही. एप्रिल २०२४, लोकसभेची धामधूम, केरळात २६ तारखेला मतदान. इन्कम टॅक्सवाले त्रिशूरच्या बँक ऑफ इंडियाच्या शाखेत गेले आणि पक्षाच्या जिल्हा कमिटीचं खातं गोठवलं. खात्यात पाच कोटींच्या वर पैसे. त्याच्या दोनतीन दिवस आधीच त्यातून १ कोटी रोख काढलेले. डिपार्टमेंट म्हणालं हे खातं रिटर्नमध्ये दाखवलेलंच नाही, आणि काढलेली रक्कम खर्च करायची नाही. मग ३० एप्रिलला पार्टीचे लोक तो १ कोटी घेऊन परत बँकेत भरायला गेले तर इन्कम टॅक्सने तो तिथेच ताब्यात घेतला! पक्षाचं म्हणणं, खातं अनेक वर्षांचं जुनं आहे, चोरून काढलेलं नाही, बँकेने पॅन नंबर चुकीचा नोंदला म्हणून हा सगळा गोंधळ झाला. असेलही. आमच्याही धंद्यात पॅनचं एक अक्षर चुकलं की किती नोटिसा येतात ते मी भोगलंय. पण मुद्दा तो नाहीच. एका जिल्ह्याच्या कमिटीच्या एका खात्यात पाच कोटी आहेत हे त्या जिल्ह्यातल्या लोकांना कधी कळलं, तर इन्कम टॅक्सची धाड पडल्यावर. पार्टीच्या साध्या मेंबरला तरी माहीत होतं का, देव जाणे.

त्याच्या महिनाभर आधी दिल्लीत पक्षाला १५ कोटी ५९ लाखांची टॅक्सची नोटीस आली होती, कारण काय तर २०१६-१७ च्या रिटर्नमध्ये एक बँक खातं दाखवायचं राहिलं. सगळ्या देशभरातल्या कमिट्या एकाच पॅनवर, हिशोब गोळा होऊन दिल्लीतून भरला जातो, म्हणजे खाली कुठेतरी एक खातं राहून गेलं की सगळ्या पक्षाची टॅक्सची सवलत गेली. हे वाचल्यावर मला कळलं की या पक्षाच्या पैशाचं दुखणं वर दिल्लीत नाहीच, ते खाली आहे, जिल्हा कमिटीला आणि तिच्या खालच्या एरिया कमिटीला.

आता पैसा येतो कसा ते सांगतो, कारण हे महाराष्ट्रात बसून समजत नाही. इथे वर्गणीला पिरिव म्हणतात आणि तो सगळेच करतात, काँग्रेस, मुस्लिम लीग, भाजप, चर्च, देवस्वम म्हणजे देवस्थानं, पूरमची म्हणजे इथल्या जत्रेची कमिटी, सगळे. पण मार्क्सवाद्यांचं काम पद्धतशीर. संध्याकाळी पाच-साडेपाचला चारपाच जण येतात, त्यात एक पन्नाशीचा, मुंडू म्हणजे लुंगीसारखं धोतर गुडघ्यापर्यंत दुमडलेला, बाकीची पोरं. हातात पावतीपुस्तक, कार्बन नाही, स्थळप्रत वेगळी फाडता येईल असं छिद्रं मारलेलं, वर शिक्का. 'सेठ' म्हणून हाक मारणार, चहा नको म्हणणार, आणि आकडा तुम्ही सांगायच्या आधी पुस्तक उघडून पेन तयार. मागच्या वर्षी किती दिले होते ते त्यांच्याकडे लिहिलेलं असतं! त्यापेक्षा कमी सांगितलं तर वाद नाही घालत, नुसते हसतात आणि तिथेच उभे राहतात. पावती मात्र शंभर रुपयांची असली तरी फाडून देणार, हे मी कबूल करतो, गणपतीच्या वर्गणीची पावती मला विट्याला कधी एवढी नीट मिळाली नाही. शिवाय चौकात लाल कापड बांधलेली प्लास्टिकची बादली घेऊन सिग्नलला उभे राहतात ते वेगळं. आपत्ती आली, कुठला कार्यकर्ता मारला गेला, त्याच्या घरच्यांना घर बांधून द्यायचंय, बादली निघालीच. त्यातून खरंच घरं बांधली जातात, मी बघितलीत.

हे झालं बाहेरचं. आतला पैसा म्हणजे लेव्ही. प्रत्येक मेंबरने उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा पक्षाला द्यायचा, आमदार-खासदारांनी पगार पक्षाकडे द्यायचा आणि पक्ष त्यांना चालवायला पैसे देणार. आपल्याकडे डहाणूचे आमदार विनोद निकोले याच पक्षाचे, २०१९ ला त्यांनी प्रतिज्ञापत्रात साधारण ५१ हजारांची मालमत्ता दाखवली होती तेव्हा तुमच्याच पेपरांनी कौतुकाने बातम्या केल्या होत्या. केरळात या पक्षाचे मेंबर साडेपाच लाखांच्या वर आहेत, सगळ्या देशात मिळून दहा लाखांच्या आसपास, म्हणजे अर्ध्याहून जास्त पक्ष एका राज्यात. पश्चिम बंगालमध्ये ३४ वर्षं सत्ता होती, २०११ ला गेली. त्रिपुरा २०१८ ला गेलं. राहिलं केरळ, तिथे २०१६ ला सत्ता आली आणि २०२१ ला टिकली. म्हणजे दिल्लीतल्या केंद्रीय कमिटीचा गाडा कशावर चालतो ते वेगळं सांगायला नको. २०२३-२४ मध्ये या पक्षाने देशभरातलं उत्पन्न साधारण १६७ कोटी दाखवलं. त्याच वर्षी भाजपचं ४ हजार ३४० कोटी आणि काँग्रेसचं १ हजार २२५ कोटी होतं. तेव्हा 'श्रीमंत कम्युनिस्ट' वगैरे व्यंगचित्रं काढणाऱ्यांनी हे तीन आकडे एका ओळीत लिहून बघावेत.

इलेक्टोरल बाँडचं श्रेय तर त्यांना द्यायलाच पाहिजे. बाँड घेणार नाही म्हणून खातंच उघडलं नाही, आणि नुसतं नैतिकतेचं भाषण देऊन थांबले नाहीत तर पक्षाचे तेव्हाचे सरचिटणीस सीताराम येचुरी सुप्रीम कोर्टात गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या घटनापीठाने योजना रद्द केली त्यात याचिकाकर्ता म्हणून नाव असलेला हा एकच राजकीय पक्ष. तेव्हा आमच्या दुकानासमोर फटाके वाजले होते. ठीक आहे, वाजवा.

पण मग त्याच पक्षाला मी विचारतो की जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात असा निर्णय दिला, त्यात तुम्ही पण होता, तेव्हा तुम्ही का विरोध केलात? आमचे आतले निर्णय, उमेदवार कसे ठरतात, हे बाहेरच्याने विचारायचं नाही असं म्हणणं होतं. बरं, ते निर्णय नका सांगू. पैशाचं तरी सांगा. तर ते म्हणतात आम्ही निवडणूक आयोगाला देतोच की. देतात, खरं आहे. पण काय देतात? कायद्याने २० हजारांच्या वरच्या देणगीचं नाव सांगावं लागतं. आणि या पक्षाचा पैसा येतो शंभर, पाचशे, दोन हजारांनी! म्हणजे जी त्यांची शान आहे तीच त्यांची पळवाट पण होते. माझी शंभरची पावती आणि कोणा वाळूवाल्याने वीस वेळा तोडून दिलेले पैसे, दिल्लीतल्या ताळेबंदात दोन्ही एकाच ओळीत जाऊन बसतात, 'वर्गणी' म्हणून. आमच्या धंद्यात सगळं एकत्र गाळल्यावर कुठला तुकडा बावीस कॅरेटचा होता आणि कुठला अठराचा हे ब्रह्मदेव पण सांगू शकत नाही, म्हणून टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, आधी काढायचा असतो. पक्षात टंच काढतं कोण? एरिया कमिटीचा हिशोब जिल्हा कमिटी बघते, जिल्ह्याचा राज्य कमिटी बघते, सगळे एकमेकांना सखाव म्हणजे कॉम्रेड म्हणणारे.

त्यात काय होतं त्याचं उदाहरण कण्णूर जिल्ह्यातलं पय्यन्नूर. कण्णूर म्हणजे पक्षाचा गड. तिथे २०१६ मध्ये एका कार्यकर्त्याचा खून झाला, त्याच्या नावाने हुतात्मा निधी गोळा झाला. पुढे त्या निधीत, एरिया कमिटीच्या इमारतीच्या निधीत आणि २०२१ च्या निवडणूक निधीत गडबड झाल्याची तक्रार पक्षातूनच झाली. २०२२ मध्ये पक्षाने कारवाई केली, तिथल्या आमदाराला खालच्या कमिटीत पाठवलं, पण त्याच कारवाईत तक्रार करणाऱ्या एरिया सेक्रेटरीचं पण पद काढून घेतलं! वर पक्षाचं म्हणणं काय तर कोणी पैसे खाल्ले नाहीत, हिशोब सादर करायला उशीर झाला. ज्या लोकांनी बादलीत पैसे टाकले त्यांच्यासमोर पावती पुस्तकं आणि खर्चाची बिलं ठेवली असती तर एका संध्याकाळचं काम होतं. ते नाही केलं. हिशोब 'पक्षासमोर' मांडला म्हणाले. पैसे देणारे सगळे काही पक्षात नव्हते ना.

आणि हे आजचंच नाही. पक्षाचा पेपर देशाभिमानी, १९४२ ला कोळिकोडला साप्ताहिक म्हणून सुरू झालेला. केरळचे पहिले मुख्यमंत्री ईएमएस नंबूदिरिपाद एवढ्या मोठ्या जमीनदार घरातले, त्यांनी आपल्या वाट्याची इस्टेट विकून पैसे पक्षाला दिले ही गोष्ट इथे शाळकरी पोरं पण सांगतात. त्याच पेपरने २००७ मध्ये लॉटरीकिंग सँटियागो मार्टिनकडून २ कोटी घेतले. तेव्हाचे जनरल मॅनेजर ई. पी. जयराजन म्हणाले ते बाँड होते, ठेवीसारखे. बोंबाबोंब झाली, पैसे परत केले, जयराजनना त्या खुर्चीवरून हटवलं. पुढे हेच जयराजन २०१६ ला मंत्री झाले. मार्टिनचं नाव तुमच्या वाचकांना २०२४ मध्ये नव्याने कळलं असेल, इलेक्टोरल बाँडमध्ये सगळ्यात जास्त पैसे देणारी कंपनी त्याचीच होती. इथल्या लोकांना तो सतरा वर्षं आधीपासून माहीत आहे.

आता सहकाराकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे आणि ती मराठी माणसाला सगळ्यात लवकर कळेल. केरळात गावोगाव सर्व्हिस सहकारी बँका. नाव बँक, पण कायद्याने प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजे आपल्याकडच्या विकास सोसायट्या समजा. फरक एवढाच की यांच्याकडे ठेवी प्रचंड, कारण गल्फमधून आलेला पैसा, रिटायर शिक्षकांची फंडाची रक्कम, लग्नासाठी साठवलेलं सगळं यांच्याकडे, आणि सोनं गहाण ठेवायला पण लोक इथेच जातात. रिझर्व्ह बँकेचं लायसन्स नाही, ठेवींना पाच लाखांचा तो डीआयसीजीसीचा विमा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर सांगितलं की अशा सोसायट्यांनी नावात बँक लावू नये, तर केरळ सरकार खवळलं, केंद्र आमचा सहकार मोडायला बघतंय म्हणून. त्यात तथ्य नव्हतंच असं नाही. पण करुवन्नूर तोवर फुटलेलं होतं, चार महिने झाले होते.

या बँका आणि पक्ष यांचं नातं कसं आहे तर, पक्षाने बँक लुटली एवढं सोपं नाही ते. गावातली पक्षाची शाखा, बँकेचा बोर्ड, कर्मचारी युनियन, वाचनालय, दूध सोसायटी, सगळीकडे तीच दहा-पंधरा माणसं. बँकेत नोकरी लागली तो मेंबर होतो, लेव्ही देतो, अधिवेशनाला वर्गणी देतो, पेपरची वार्षिक वर्गणी भरतो आणि दुसऱ्या पाच जणांची आणून देतो. बँक जाहिरात देते, कमिटीचं खातं त्याच बँकेत. यातलं एक पण बेकायदेशीर नाही. आणि म्हणूनच कुठे कायद्याची रेघ ओलांडली ते आतल्याला पण कळत नाही, किंवा कळलं तरी बोलायचं कोणाला, कारण मॅनेजरची तक्रार ज्याच्याकडे करायची तो मॅनेजरच्याच ब्रँचमधला असतो, आणि इथे ब्रँच म्हणजे पक्षाची.

हे वाचून आपल्याकडे कोणी हसू नये. उसाच्या बिलातून कसल्या कसल्या नावाने कपाती होतात, त्याची पावती कोणाला मिळते का? कारखान्याचा चेअरमन, जिल्हा बँकेचा संचालक आणि आमदार एकाच घरात जेवायला बसतात. राज्य सहकारी बँकेचा बोर्ड २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून बरखास्त झाला तेव्हा त्यात किती पक्षांची माणसं होती ते आठवा. आमच्या भावकीतल्या एकाचे पैसे एका पतसंस्थेत अडकले ते अजून अडकलेलेच आहेत, नाव नाही घेत. फरक असलाच तर एवढा की आपल्याकडे पैसा नेत्याकडे जातो आणि पक्ष नेत्याच्या मागे जातो. इथे पैसा कमिटीकडे जातो. त्यामुळे इथे नेत्याचा बंगला बघून काही कळत नाही, बरेच नेते खरंच साधे राहतात, आणि लोक फसतात ते तिथेच, माणूस साधा म्हणजे हिशोब स्वच्छ असं धरून चालतात.

ईडीबद्दल पण बोललं पाहिजे नाहीतर मी एकाच बाजूचं लिहिलं म्हणाल. याच त्रिशूर जिल्ह्यात कोडकरा म्हणून गाव आहे हायवेवर. एप्रिल २०२१, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर तिथे एक गाडी लुटली गेली. तक्रार दिली २५ लाखांची, पोलिसांनी तपास केला तर निघाले साडेतीन कोटी, आणि केरळ पोलिसांचं म्हणणं की हा भाजपचा निवडणुकीचा पैसा. ते प्रकरण पण ईडीकडे गेलं. मार्च २०२५ मध्ये ईडीने आरोपपत्र दिलं, त्यात भाजपचा काही संबंध नाही, पैसा जमिनीच्या व्यवहाराचा, विषय संपला. आणि दोन महिन्यांनी करुवन्नूरमध्ये अख्खा पक्ष आरोपी. एकाच जिल्ह्यातली दोन प्रकरणं, एकच एजन्सी. इथला रिक्षावाला पण दोन्ही शेजारी ठेवून बोलतो. वर केरळ पोलिसांनी तरी कोडकराला जेवढी धावपळ केली तेवढी करुवन्नूरला केली असती तर ईडीला यायला जागाच मिळाली नसती, हे पण तोच रिक्षावाला बोलतो. राजकारण म्हणाल तर सुरेश गोपी नावाचा सिनेमातला हिरो ऑक्टोबर २०२३ मध्ये करुवन्नूरपासून त्रिशूरपर्यंत ठेवीदारांसाठी पदयात्रा काढतो आणि २०२४ ला ७४ हजारांच्या फरकाने निवडून येतो, केरळातून भाजपचा पहिला लोकसभेचा खासदार. बँकेमुळेच आला असं नाही, पण बँकेशिवाय आला असता असं म्हणणारा मला इथे भेटलेला नाही.

पक्षाला मात्र अजून वाटतंय की ईडी वाईट आहे एवढं सिद्ध केलं की आपलं काम झालं. एप्रिल २०२५ मध्ये तिरुवनंतपुरमला नवीन एकेजी सेंटरचं, म्हणजे पक्षाच्या राज्य कार्यालयाचं, उद्घाटन झालं, नऊ मजली. जुनं एकेजी सेंटर ज्या जागेवर आहे ती १९७७ मध्ये पक्षाचे जुने नेते ए. के. गोपालन (एकेजी) गेल्यावर तेव्हाच्या अँटनी सरकारने स्मारक आणि अभ्यास केंद्रासाठी दिलेली, त्यावर पण वाद होत राहिले. नवीन इमारत पक्षाने स्वतःच्या पैशाने बांधली म्हणतात आणि मी त्यावर विश्वास ठेवायला तयार आहे, साडेपाच लाख मेंबर असलेल्या पक्षाला एक इमारत जड नाही. नऊ मजले का बांधले हा प्रश्नच नाही. पण उद्घाटनाच्या दिवशी खाली पहिल्या मजल्यावर एका फ्रेममध्ये लावायला काय हरकत होती, लेव्हीतून इतके, बादलीतून इतके, कर्ज इतकं, सिमेंट-स्टील-लिफ्टला इतके. ज्यांनी पैसे दिले ते लोक बसेस भरून आले होते, त्यांनी उभं राहून वाचलं असतं. मल्याळी माणूस भिंतीवर चिकटवलेलं काहीही वाचतो, पेपर पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, सकाळी चहाच्या टपरीवर एकच पेपर चार तुकडे करून चौघं जण वाचत बसलेले असतात.

माझी मागणी एवढीच आहे, आणि ती तुमच्यामार्फत मांडतोय कारण महाराष्ट्रात पण या पक्षाचे चांगले लोक आहेत, सोलापूर, तलासरी, नाशिककडे, ते वर बोलू शकतात. दिल्लीचा एकत्रित हिशोब असू द्या, पण प्रत्येक जिल्हा कमिटीने आपला वेगळा ऑडिट केलेला ताळेबंद दरवर्षी जाहीर करावा, कुठल्या बँकेत किती खाती, प्रत्येक खात्यात वर्षअखेरीस किती, इमारती किती आणि कोणाच्या नावावर. पोरत्तिश्शेरीची जागा जिल्हा सेक्रेटरीच्या नावावर होती म्हणे, पक्षाच्या पद्धतीप्रमाणे ते बरोबरही असेल, पण सेक्रेटरी बदलतो, कागद बदलत नाही. हुतात्मा निधी, पूरनिधी असल्या खास वर्गणीचा हिशोब तर जिथे बादली फिरली त्याच चौकात लावावा. कायदा सांगत नाही म्हणून करायचं नाही असं असेल तर बाँडचं खातं न उघडायला पण कायद्याने कुठे सांगितलं होतं?

निवडणुकीआधी कोणी हे करेल असं मला वाटत नाही, खर्चाचे दिवस जवळ आले की कुठलाच पक्ष वह्या उघडत नाही. पावतीपुस्तकवाले मात्र येतील. यावेळी पैसे द्यायच्या आधी मी त्या पन्नाशीच्या चेट्टनला म्हणजे दादाला मागच्या वर्षीचं काय झालं ते विचारणार आहे, तो काय सांगतो ते कळवेन.

आणि ईडीने जे काय जप्त केलंय ते नुकसान झालेल्यांना परत द्यायची सोय मनी लाँडरिंगच्या कायद्यातच आहे. करुवन्नूरचे बरेच ठेवीदार सत्तरीच्या पुढचे आहेत. खटला चालू दे, पण त्यांना पैसे कधी आणि कोणत्या क्रमाने मिळणार यावर तुमच्या बातमीदाराने एक बातमी करावी, आरोपपत्रात नावं कोणाची यापेक्षा इथे लोक ते आधी विचारतात.

आपला,
एक गलाईवाला
त्रिशूर (मूळ खानापूर तालुका, जि. सांगली)